जुन्या सात सीटरचं इंजिन गेलंय? दुसरं बसवायच्या आधी हे सगळं बघून घ्या

मागच्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, इंजिन गेलंय, दुसरं बसवू का गाडी विकू. एक खानापूरचे, एक निपाणीचे, एक आमच्या गल्लीतलेच. तिघांना फोनवर तेच तेच सांगितलं म्हणून आता सगळं एकदा लिहूनच काढतोय. मी काही मेस्त्री नाही, पण माझ्या स्वतःच्या गाडीचं इंजिन मी समोर उभा राहून बदलून घेतलंय, बावीस दिवस रोज संध्याकाळी गॅरेजला जाऊन बसलोय, आणि जे कळलं ते कोणीतरी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं तेव्हा फार वाटायचं.

आधी माझी गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतंय. डिझेल सात सीटर, २०१२ चं मॉडेल, मी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. मे महिना, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन करून परत येत होतो, आईवडील, बायको, दोन पोरं, सामान, एसी फुल. निपाणी सोडून तवंदी घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला. मी एसी बंद केला आणि हळू चालवत राहिलो, घाट संपला आणि काटा आपोआप खाली आला, अगदी खाली. मला वाटलं गार झालं. संकेश्वरच्या अलीकडं गाडीनं एकदम ओढच सोडली, टक टक आवाज आला आणि बंद. परत स्टार्टर मारला तर फिरेना.

तो काटा खाली आला तेव्हा इंजिन गार झालं नव्हतं, पाणीच संपलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला असतोय तोवर पाण्याचं टेंपरेचर सांगतोय, पाणी गेलं की तो नुसत्या हवेत राहतोय आणि काहीपण दाखवतोय. हे मला माहीत नव्हतं. तुम्ही लक्षात ठेवा, काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर जागेवर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि अर्धा पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, आतलं पाणी दाबाखाली असतंय, तोंडावर येतंय. आणि तिथून पुढं गाडी स्वतःच्या इंजिनवर हलवायची नाही. टोचन करून नेली तरी चालेल, फ्लॅटबेड मिळाला तर उत्तम.

गाडी बेळगावला आणली, ज्या गॅरेजला पहिल्यांदा लावली तिथं दहा मिनिटांत निकाल, इंजिन गेलं, दुसरं टाकूया, चार दिवसांत गाडी देतो. का गेलं म्हणून विचारलं तर गरम झालं म्हणाले. गरम का झालं त्याचं उत्तर नाही. तिथून मी गाडी काढली, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला तोच एक निर्णय सगळ्यात बरोबर होता.

कारण बघा, इंजिन आपणहून क्वचित मरतंय. त्याला मारणारा बहुतेक वेळा बाहेर असतोय. चोक झालेला रेडिएटर, फुटका होज, न उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरकडं सोडणारी झडप), बंद पडलेला फॅन, वॉटर पंप, नाहीतर ऑइलच्या बाजूचं काहीतरी. तुम्ही नुसतं इंजिन बदललं तर तो मारणारा गाडीतच बसून राहतोय आणि दुसरं इंजिन पण त्याच वाटेनं जातंय. म्हणून पहिला पैसा इंजिनवर नाही, कारण शोधण्यावर घाला.

दुसरा मेस्त्री उद्यमबागच्या, म्हणजे बेळगावच्या इंडस्ट्रियल एरियाच्या, बाजूचा. तो कन्नड बोलणार, त्याची पोरं हिंदीत, मी मराठीत, आणि कोणाचं काही अडलं नाही. त्यानं आधी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि म्हणाला, अण्णा, नीरु इल्ल, म्हणजे पाणीच नाही. मग त्यानं इंजिनला हातच लावला नाही, आधी रेडिएटर उतरवला, उभा धरून वरच्या तोंडातून नळीनं पाणी सोडलं. खालच्या तोंडातून तेवढीच धार पडायला पाहिजे. पडत होतं काय, ठिबक ठिबक, आणि वरून पाणी उतू जायला लागलं. मग कडेची टाकी काढून आतल्या बारीक नळ्या दाखवल्या, चहाच्या भांड्याला बसतोय तसा पांढरा थर, निम्म्याहून जास्त नळ्यांची तोंडं बुजलेली. बोअरवेलचं पाणी. आधीच्या मालकानं घातलं असणार आणि मीपण दीड वर्ष तेच घालत होतो, घरामागच्या बोअरची बादली भरून. आपल्याकडं बऱ्याच जणांची ही सवय आहे, कूलंट महाग वाटतंय आणि पाणी फुकट.

यातला हिशोब साधा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथं उघडं साधं पाणी शंभराच्या आधीच, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतंय. रेडिएटरचं झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतंय, त्यामुळं उकळायचा पॉइंट वीसेक डिग्री वर जातोय, आणि निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर अजून वर. झाकणाचं रबर गेलं, कूलंटच्या जागी बोअरचं पाणी असलं, नळ्या बुजल्या, आणि वर गाडीभर माणसं घेऊन मे महिन्यात घाट चढला की तिथं इंजिनचा काही दोष राहत नाही.

आता तुमची गाडी बंद पडली असेल तर इंजिन गेलंच असं धरून चालू नका. स्टार्टर मारला आणि फिरेना म्हणजे इंजिन सीज, आतून जाम, असं लगेच म्हणतात. आधी पुढचा बेल्ट काढायला सांगा, कधी अल्टरनेटर नाहीतर एसीचा कंप्रेसर जाम झालेला असतोय आणि तोच इंजिनला धरून ठेवतोय. बेल्ट काढून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून हातानं फिरवून बघा, गाडी न्यूट्रलला ठेवून, आणि फक्त इंजिन फिरतंय त्याच दिशेनं. फिरलं तर मग स्टार्टर, बॅटरी, अर्थिंग बघा. फिरत असेल पण चालू होत नसेल तर कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतोय त्याचं माप. डिझेलला ग्लो प्लग (गार इंजिन चालू व्हायला आत गरम होणारी कांडी) काढून त्या जागी गेज लावतात, आकडा पंचवीस बारच्या आसपास यायला पाहिजे, पण आकड्यापेक्षा चारी सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तीन सारखे आणि एक फार कमी म्हणजे त्या एकाच सिलिंडरमधे काहीतरी झालंय. आणि त्याच ग्लो प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे आहेत का ते दिसतंय, हल्ली बऱ्याच गॅरेजमधे हा कॅमेरा असतोय.

डिपस्टिकला कॉफीच्या रंगाचं दूधट ऑइल आलं म्हणजे पाणी ऑइलमधे गेलंय, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा म्हणजे ब्लॉक, यांच्या मधली पट्टी) नाहीतर ऑइल कूलर नाहीतर क्रॅक. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून उन्हात धरा, चमचमणारी बारीक पूड दिसली तर बेअरिंग गेलेत. चमक नसेल आणि बोअर चांगला असेल तर नुसतं हेडचं काम करून गाडी रस्त्यावर येऊ शकते, हेड उतरवायचं, सरफेस मारायचा म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायचं, लीकेज टेस्ट करायची, नवीन गॅस्केट, नवीन हेड बोल्ट. हेड बोल्ट जुने परत वापरू नका, बऱ्याच इंजिनचे बोल्ट एकदा ताणले की संपले.

पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं वेगळं आहे. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैमधे पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि शिरोलीजवळ रस्ता बंद झाला ते सगळ्यांना आठवत असेल, तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात बंद पडली की परत स्टार्टर मारायचा नाही, काही झालं तरी नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉडच वाकतोय. आणि नेहमीच्या इन्शुरन्समधे हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घेतलेलं असलं तरच काही मिळतंय. ग्लो प्लग काढून, पाणी बाहेर काढून, हातानं फिरवून बघायचं, मग पुढचं.

माझ्या गाडीत हेड वाकलं होतं, तीन नंबरचा पिस्टन बोअरला घासून गेलेला, तिथपर्यंत ठीक होतं, बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकून काम झालं असतं. बेळगावात या कामाची मशीनं आणि हात दोन्ही चांगले आहेत, उद्यमबागेत क्रँक ग्राइंडिंगपासून सगळं होतंय, आणि बोअरचं काम करणारं शॉप तुमच्या गावाजवळ असेल तर माझा सल्ला पहिल्यांदा तेच विचारा. स्वतःचंच इंजिन, स्वतःचाच नंबर, कागदाची भानगड नाही. पण माझ्या ब्लॉकला दोन सिलिंडरच्या मधे बारीक चीर निघाली. शॉपवाल्यानं ब्लॉक धुऊन रंग लावून दाखवली, केसाएवढी लाल रेघ. तिथं पाणी आणि बोअर यांच्यात काही राहिलंच नव्हतं. मग दुसरं इंजिन हाच रस्ता.

दुसरं इंजिन म्हणजे तीन पर्याय. कंपनीकडून नवीन ब्लॉक, खालचा अर्धा किंवा हेडसकट पूर्ण, महाग पण खात्रीचा, आणि ऑटो पार्ट्सवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय त्यामुळं जुनं कोटेशन असेल तर परत विचारा. दुसरा, कुणीतरी खोलून नवीन रिंग पिस्टन बेअरिंग टाकून तयार केलेलं इंजिन, यात सगळं करणाऱ्यावर अवलंबून, काय काय बदललं त्याची बिलं बघितल्याशिवाय घेऊ नका. तिसरा, अपघातात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन, जे बहुतेक जण घेतात आणि मीपण घेतलं. कोल्हापूर, हुबळी, पुणे, बेंगळूरचं शिवाजीनगर, मुंबईचं कुर्ला, इथून येतात.

आता यात एक गोष्ट आहे जी आपल्या भागातल्या माणसाला फार महागात पडू शकते. बीएस फोर, म्हणजे गाडीच्या धुराचा सरकारी नियम, २०१० साली आधी मोठ्या शहरांत लागू झालं, मुंबई, पुणे, सोलापूर, बेंगळूर त्यात होती, बाकी ठिकाणी टप्प्याटप्प्यानं आणि पूर्ण देशात १ एप्रिल २०१७ पासून. म्हणजे २०१२ ची बेळगावात पासिंग झालेली गाडी बीएस थ्री असू शकते आणि त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची पुण्याची गाडी बीएस फोर. बाहेरून दोन्ही सारखी. इंजेक्टर (सिलिंडरमधे डिझेल फवारणारे), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमधे फिरवणारी सिस्टीम), सेन्सर, वायरिंगची सॉकेटं वेगळी असू शकतात. मला पहिल्यांदा पुण्याचं एक इंजिन फार स्वस्तात मिळत होतं, फोटो मागवले तर त्याला ईजीआरचा कूलर वेगळाच, आमच्या गाडीला तो नव्हताच. मेस्त्रीनं मान हलवली, आणि मी नाही म्हणून सांगितलं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सिक्स डिझेलचं इंजिन तर जुन्या गाडीला बघूच नका, तिथं डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) वगैरे सगळा संसारच वेगळा.

सीसी सारखी म्हणजे इंजिन सारखं असंपण नाही. महिंद्राचं २१७९ सीसीचं एमहॉक घ्या, स्कॉर्पिओत ते १२० बीएचपीचं आणि उभं बसवलंय, मागची चाकं ओढतंय, एक्सयूव्ही ५०० मधे तेच १४० बीएचपीचं आणि आडवं बसवलंय, पुढची चाकं ओढतंय. नाव एक, सीसी एक, पण माउंटिंग, पाइप, पुढची ॲक्सेसरी सगळी वेगळी. १२४८ सीसीचं मल्टिजेट तर कितीतरी गाड्यांत होतं, त्यात पण ७५ पीएसच्या आणि ९० पीएसच्या गाडीचे टर्बो वेगवेगळे. म्हणून विकणाऱ्याला सीसी सांगू नका, तुमच्या इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं आणि इंजिनाच्या डाव्या उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, त्याच्या इंजिनचे मागवा, आणि दोन्ही मेस्त्रीला शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

इंजिन बघायला स्वतः जा, मेस्त्रीला घेऊन, त्याची त्या दिवसाची मजुरी द्या. ऑइल टाकायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा, आतला धातू मधाच्या रंगाचा असेल तर चालेल, काळा डांबरासारखा गाळ असेल तर त्या मालकानं ऑइल वेळेवर बदललेलं नाही. पाण्याच्या भोकात बघा, गंज आणि पांढरा थर आहे का. माझं जुनं इंजिन यानंच मेलं म्हणून मी तिथं दहा मिनिटं टॉर्च मारून बघत होतो. टर्बोची दांडी बोटानं हलवून बघा, वर खाली खेळ नको आणि पंखा घराला घासलेला नको. हातानं दोन पूर्ण चकरा फिरवा. खालचं ऑइलचं चेंबर उतरवून एखादी बेअरिंग कॅप खोलून बघू द्या म्हणा, बेअरिंगवर तांब्याचा रंग दिसला तर नको. खोलून बघू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. आणि चेंबरच्या कोपऱ्यात, ब्रॅकेटच्या मागं, वायरच्या टोप्यांत बारीक चिखल सुकलेला असेल तर ते पुरातलं इंजिन आहे, कितीपण स्वस्त असू दे.

कागद. हे इंजिनाएवढंच महत्त्वाचं. ज्या गाडीतून इंजिन काढलं त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स, गाडी स्क्रॅप झाल्याचा कागद, आणि इंजिन नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल. इंजिनवरचा नंबर घासलेला, परत ठोकलेला, नाहीतर त्यावर प्लेट बसवलेली दिसली तर तिथून उठा. चोरीच्या गाडीचं इंजिन घरात आलं तर पोलिसांना उत्तर तुम्हालाच द्यावं लागतंय. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद खात्याच्या, डिजिटल पोलीस पोर्टलवर इंजिन नंबर, चासी नंबर घालून ती गाडी चोरीची म्हणून नोंद आहे का ते घरबसल्या बघता येतंय, पैसे द्यायच्या आधी बघा. आणि बिलावर गॅरंटी लिहून घ्या, बसवून चालू केल्यापासून किती दिवस, तोंडी नको.

आता उतरवायचं काम. हे तुम्ही स्वतः करणार नाही, पण समोर उभं राहून काय बघायचं ते सांगतोय. सुरू करायच्या आधी बॉनेटखालच्या सगळ्या भागाचे मोबाइलवर फोटो आणि एक संथ व्हिडिओ काढा, सगळ्या बाजूंनी, हा व्हिडिओ मला नंतर चार वेळा उपयोगी पडला. बॅटरीची निगेटिव्ह आधी. एसीचा गॅस मशीननं काढून घ्यायचा, पाइप सैल करून हवेत सोडायचा नाही. प्रत्येक सॉकेटला मास्किंग टेप लावून पेननं नंबर, दोन्ही बाजूंना तोच नंबर. बोल्ट एकाच डब्यात टाकत असतील तर थांबवा, बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनला जोडणारे) बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आटे जातात नाहीतर ब्लॉकच फुटतोय. आमच्या मेस्त्रीनं पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी भोक पाडून खोचला होता, पंधरा रुपयाचा पुठ्ठा पण काय काम केलंय त्यानं.

डिझेलच्या पाइपची तोंडं काढल्या काढल्या झाकायची. कॉमन रेलमधे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाइपमधे, चालू असताना दीड हजार बारच्या वर दाब जातोय, एवढ्या बारीक सिस्टीममधे धुळीचा एक कण इंजेक्टर बिघडवायला पुरे. मोकळं तोंड दिसलं की मी स्वतः स्वच्छ प्लास्टिक लावून रबर बांधत होतो. आणि इंजिन चेन पुलीवर लटकलं की खाली कोणाचा हात पाय डोकं काही नको, गिअरबॉक्सला खालून वेगळा जॅक. ॲक्सेसरीसकट दोनशे किलोच्या आसपास वजन असतंय. पोरं उत्साहात खाली वाकतात, त्यांना ओरडायला लाजू नका.

इंजिन बाहेर असताना जे बदलायचं ते बदलून घ्या, नंतर हेच काम करायला परत सगळं उतरवावं लागणार. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, टायमिंगची चेन नाहीतर बेल्ट टेन्शनरसकट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे पाण्याचे होज, माउंटिंगची रबरं. मी माउंटिंग जुनीच ठेवणार होतो, मेस्त्रीनं काढून हातात दिली, मधलं रबर कधीच फाटलेलं.

पण खरा मुद्दा जुन्या गाडीतून नव्या इंजिनला काय काय जोडलं जाणार आहे तो. जुनं इंजिन बेअरिंग जाऊन मेलं असेल तर त्याची पूड ऑइल कूलरमधे आणि ऑइलच्या पाइपमधे बसलेली असते, कूलर कितीपण धुतला तरी पूर्ण निघत नाही, तो नवीनच टाका. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) आणि त्याचे पाइप काढून उभे टांगून ठेवा, आतून ऑइल आणि पात्यांचे तुकडे बाहेर येतात, ते तसेच राहिले तर नवं इंजिन पहिल्याच दिवशी ते ओढून घेणार. आणि माझ्यासारखं पाण्यानं मेलं असेल तर रेडिएटर नवीन, झाकण नवीन, रिझर्व्ह टाकी आतून स्वच्छ, फॅन दोन्ही स्पीडला चालतोय का बघायचं. रेडिएटर धुऊन वापरूया म्हणणारे भेटतील. मला पण दोघं भेटले. त्या बुजलेल्या नळ्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या, त्यामुळं मी ऐकलं नाही.

ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तुमच्याच गाडीचा ठेवा, तुमची चावी त्यालाच ओळखते, दुसऱ्या गाडीचा टाकला तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, गाडी चालू होऊ देणार नाही. पण इंजेक्टर दुसऱ्या इंजिनचे आले असतील तर बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड स्कॅनरनं ईसीएममधे भरावा लागतोय, कोणत्या सिलिंडरला कोणता ते बरोबर. बसवायच्या आधीच चारी इंजेक्टरच्या डोक्यांचे फोटो काढा, एकदा बसले की वाचता येत नाहीत. हे राहिलं की गाडी चालते पण धूर, आयडलला थरथर, पिकअप कमी, आणि दोष इंजिनला जातोय. तसंच इंजिन ते बॉडी अर्थिंगची जाड वायर, बसवताना हमखास राहून जाते, लावलेली स्वतः बघा, पेंट खरवडून घट्ट.

पहिल्यांदा चालू करताना घाई करू देऊ नका. ऑइल भरायचं, फिल्टर उभा बसत असेल तर तोपण भरून बसवायचा, टर्बोच्या वरच्या पाइपमधून थोडं ऑइल ओतायचं. इंजेक्टरच्या वायरच्या टोप्या काढून ठेवायच्या म्हणजे चालू होणार नाही, आणि दहा दहा सेकंद स्टार्टर मारायचा, मधे थांबायचं, ऑइलचा लाल दिवा जाईपर्यंत. मगच टोप्या लावून चालू. चालू झाल्यावर रेस करायची नाही. हीटर फुल गरमवर ठेवून कूलंट भरायचं, आत अडकलेली हवा निघेपर्यंत. आमच्या गाडीत दोन तास लागले, लेव्हल भरली की परत खाली, मेस्त्रीनं शांतपणे होज दाबत दाबत हवा काढली. रात्रभर गार होऊ दिली आणि सकाळी परत बघितलं तर अजून अर्धा लिटर बसलं. ते अर्धा लिटर कोणी बघत नाही आणि मग पहिल्याच घाटात काटा वर.

खर्च माझा असा आला. इंजिन टर्बोसकट ७८ हजार, उतरवणं बसवणं मजुरी २० हजार, रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, होज मिळून १७ हजार, क्लच सेट १२ हजार, टायमिंग चेन, सील, गॅस्केट, माउंटिंग १५ हजार, ऑइल, कूलंट, एसी गॅस, स्कॅनिंग, गाडी आणायचं भाडं असं १४ हजार. एकूण १ लाख ५६ हजार. गाडीची बाजारात किंमत तेव्हा चार लाखाच्या आसपास होती. माझं स्वतःचं माप असं, सगळा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आत आणि बॉडी, गिअरबॉक्स चांगले असतील तर करा. खालून चासी सडलेली असेल तर करू नका, मग ती आहे तशी विका.

गाडी घरी आली की काम संपलं असं समजून लोक आरटीओचं विसरतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यायचा असतोय. गाडी जिथली असेल तिथलं ऑफिस, केए-२२ असेल तर बेळगाव, २३ चिक्कोडी, २४ बैलहोंगल, ४९ गोकाक. लोन असेल तर आधी बँकेचं लेखी पत्र. इंजिनचं बिल, दुसऱ्या गाडीचे कागद, मजुरीचं बिल घेऊन गाडीसकट जायचं, ते नंबर तपासतात. सीमेवर बऱ्याच जणांकडं एमएच-०९ ची गाडी आहे आणि राहायला मात्र कर्नाटकात, बारा महिन्यांच्या वर ठेवायची असेल तर तसापण नंबर इकडं करून घ्यावाच लागतोय, पण आधी इंजिनचा नंबर चढवा आणि मग एनओसी काढा, नाहीतर इकडच्या तपासणीत नंबर जुळणार नाही आणि कागद दोन राज्यांच्या मधे अडकून बसणार. आरसी आल्यावर इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीवर पण नंबर बदलून घ्या. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरनं इंजिन नंबर बघितला तर क्लेम तिथंच अडकतोय. पंधरा वर्षांनी रिन्युअलला पण हाच नंबर बघणार.

पहिले हजार किलोमीटर मी एकट्यानं आणि गाडी जवळपास रिकामी चालवली, आधी बेळगाव ते खानापूर, मग वंटमुरी घाट उतरून परत चढून आलो, काटा मधेच राहिला. रोज सकाळी गार इंजिनवर कूलंटची लेव्हल बघायची आणि मार्कर पेननं टाकीवर रेघ मारायची. हजाराला ऑइल बदललं, फिल्टर कापून घड्या उन्हात धरल्या, काळं ऑइल होतं पण चमक काही नव्हती. मग आईला विचारलं कधी जायचं, आणि त्याच रस्त्यानं, तवंदी घाटातून, सगळे परत कोल्हापूरला जाऊन आलो. डिकीत पाच लिटर तयार कूलंटचा कॅन होता, तो अजून तिथंच आहे.